घरात माणसं किती

"घरात माणसं किती?" मिस लिमने विचारलं.

"चार," पद्माकर म्हणाला. जसं कुणी आपलं नाव सांगावं, इतक्या सहज.

ऋताने ओढणी गळ्याशी घट्ट केली. गळ्याच्या हाडाखाली डायलिसिसची नळी बसवलेली होती, पांढऱ्या पट्टीने दाबून. ती कुणाला दिसू नये म्हणून सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या उकाड्यातही तिला ओढणी लागायची. इथे या कचेरीत मात्र एसीने हाडं गारठत होती. मिस लिमने स्वेटर घातला होता आणि पडद्यावरची नावं ती एकेक करून वाचत होती. पद्माकर. ऋता. जाई. निशिकांत.

"हे निशिकांत म्हणजे?"

"धाकटा भाऊ."

"बँकेत आहेत. पगार चांगला आहे." मिस लिम थोडी थांबली. तिचं इंग्रजी हळू होतं, जपून पाय टाकावा तसं. "अंकल, तुमची नोकरी गेली, ते मी लिहिलंय. आंटींचं उत्पन्न नाही, मुलगी शाळेत. तुम्ही तिघंच असता तर प्रश्नच नव्हता. पण भावाचा पगार धरला, की तुमचं घर सवलतीत बसत नाही. विम्याच्या हप्त्यालाही मदत नाही आणि इथल्या डायलिसिसच्या खुर्चीलाही नाही."



मिस लिमने पेन खाली ठेवलं. "भाऊ खरंच तुमच्याबरोबर राहतात का?"

त्या 'खरंच'वर तिने आवाजाचं बोट हलकेच टेकवलं होतं. ऋताला कळलं. ही पोरगी दार किलकिलं करून उभी आहे. आत शिरायला एक शब्द पुरे.

पद्माकर खुर्चीत ताठ झाला. "ही इज माय ब्रदर," तो म्हणाला. "आमचं घर एकच आहे."

"मग छानच," मिस लिम म्हणाली, आणि तिला ते मनापासून छान वाटत होतं. "मग भाऊ मदत करतील ना."

आपलं ते वाक्य पद्माकरने गणपतीच्या आरतीनंतर मंडळाच्या लोकांत किती वेळा मिरवलं होतं. आमचं घर एकच. आणि आता सरकारने ते खरं धरलं होतं.

निघताना मिस लिम दारापर्यंत आली. हे धर्मादाय केंद्र एका जुन्या सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर होतं. बाहेर म्हातारे चिनी आजोबा दगडी टेबलावर पट खेळत होते आणि काचेच्या आत यंत्रांपुढे माणसं रांगेने टेकून बसली होती. कोपऱ्यातली एक खुर्ची रिकामी होती. पायथ्याशी घडी केलेलं निळं पांघरूण.

"ती जागा महिनाअखेरपर्यंत मी धरून ठेवू शकते," मिस लिम म्हणाली. "त्यानंतर मला पुढच्या माणसाला फोन करावा लागेल, आंटी. माझ्या हातात नाही."

ऋताने त्या पांघरुणाकडे पाहून घेतलं. दुकानात महागाचं लुगडं नुसतं पाहून घ्यावं तसं.

*

तेलाचे भाव पडले त्या वर्षाची ही गोष्ट, दोन हजार सोळाची. समुद्रातल्या तेलविहिरींचे सांगाडे बांधणारी पद्माकरची कंपनी हळूहळू रिकामी झाली. आधी वेल्डर गेले, मग इंजिनिअर, मग संगणक सांभाळणारे. पद्माकर त्यांचा मॅनेजर होता. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमा गेला. आणि जणू तेवढ्याचीच वाट पाहत असल्यासारखी, वर्षानुवर्षं कुरकुरणारी ऋताची मूत्रपिंडं थांबली.

एक आधार होता. आदल्याच वर्षी देशाने सगळ्यांसाठी नवा विमा काढला होता, मेडिशिल्ड लाइफ. नागरिक असो की पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, आधीचा आजार असो की नसो, कुणाला नाकारायचं नाही. ऋता पीआर होती, म्हणून ती त्यात होती. पण विमा डायलिसिसचा एक भाग उचलायचा. उरलेल्यासाठी आणि हप्त्यासाठी सवलत मागायची, आणि सवलत द्यायची की नाही ते घर पाहून ठरायचं. घर म्हणजे ओळखपत्राच्या मागे छापलेला पत्ता. एका पत्त्यावरची नात्याची माणसं म्हणजे एक घर. सगळ्यांची कमाई एका भांड्यात ओतायची आणि डोक्यांवर वाटायची.

निशिकांतचं डोकं या घरात दोन वर्षांपासून नव्हतं. फक्त पत्ता होता.

तो तेविसाव्या वर्षी सिंगापूरला आला तो थेट दादाकडे. वडील गेले तेव्हा तो चौथीत होता. दादाने त्याला बोटाला धरून हायस्कूलात घातलं, कॉलेजात घातलं, विमानात घातलं. आता जाईची झाली आहे त्या खोलीत तो आठ वर्षं राहिला. ऋताने त्याचे डबे भरले, त्याचं तापलेलं कपाळ पुसलं, त्याच्यासाठी मुली पाहिल्या. मग आर्या आली. तिचं ऑफिस त्या बाजूला, म्हणून दोघांनी ईस्ट कोस्टला एका कॉन्डोत, खाजगी सोसायटीत, भाड्याने घर घेतलं. भांडण नाही, तंटा नाही. खोकी लिफ्टमध्ये चढली, निशिकांत वाकून पाया पडला आणि म्हणाला, "येतो, वहिनी."

आपल्यात कुणी जातो म्हणत नाही. कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला माणूस येतो म्हणतो, बोटीवर चढलेला माणूसही येतो म्हणतो. जातो हा शब्द उंबरठ्यावर उच्चारायचा नसतो. उच्चारला, तर घरातली बाई धावून येते आणि म्हणते, अरे, असं म्हणू नये.

त्या दिवशी लिफ्टचं दार हाताने अडवून पद्माकर म्हणाला होता, "निशी, पत्ता नको बदलूस रे. असू दे. कार्डावर तरी आपण एका घरात राहू."

"बदलावा लागतो दादा, कायदा आहे."

"कायद्याला काय कळतंय भाऊ म्हणजे काय ते."

दोघे हसले. आणि पत्ता राहिला.

पुढे नवा विमा आला तेव्हा सरकारचं पत्र आलं, तुमच्या घरात ही माणसं आहेत, बरोबर आहे का ते कळवा. पद्माकरने चारही नावं मोठ्याने वाचून दाखवली, गुरुजींनी संकल्पात गोत्र-नाव घ्यावं तशी. "बघ ऋता, सरकारलासुद्धा ठाऊक आहे." आणि 'बरोबर'वर खूण करून सही केली. तेव्हा त्याला नोकरी होती, आणि सवलत हा शब्द दुसऱ्या लोकांचा होता.

निशिकांतची पत्रं तोआ पायोहलाच येत राहिली. बँकेची, टॅक्सची, फोनची. पद्माकर ती चकलीच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा. महिन्याकाठी निशिकांत ती न्यायला यायचा. पत्रं निमित्त, खरं तर तो वरणभातावर यायचा. डबा उघडायचा, पत्रं खिशात घालायचा, सोफ्यावर पाय पसरून वहिनीला चिडवायचा आणि "येतो" म्हणून जायचा.

ऋता आजारी पडल्यावर पद्माकरने तेही बंद केलं. पत्र आलं की फोटो काढून पाठवायचा. "कशाला एवढ्या लांब दमतोस? हे घे, व्हॉट्सअ‍ॅप केलंय." नोकरी गेली हे भावाला सांगितलं नव्हतं. नळी बसली हेही नाही. मोठ्या भावाने पडलेलं दिसू नये, एवढंच त्याला कळत होतं.

*

"काका डझन्ट इव्हन लिव्ह हिअर," जाई म्हणाली. ती पंधराची होती; तिचं मराठी गरजेपुरतं आणि इंग्रजी इथल्या 'लाह'चं होतं. "जस्ट टेल देम, लाह. सो सिंपल."

"तुला नाही कळायचं ते."

"व्हॉट इज देअर टु कळ, बाबा?"

एरवी या वाक्यावर तिघंही हसली असती. पद्माकरने ताट सरकवलं. "मी सांगू त्याला? माझ्या तोंडाने? की तू आमच्या घरचा नाहीस असं कार्डावर छापून आण?"

"घरचा नाही असं कुठे हो," ऋता म्हणाली. "आपल्याकडे राहत नाहीत भाऊजी, एवढंच. खरं आहे ते."

"तेच ते."

"मग पैसे मागा त्यांच्याकडे."

"मागतो."

त्याने फोन लावला. "काय रे निशी, जेवलास का? हां. हां. नाही, सहजच. आर्या बरी? बरं, ठेवतो." फोन टेबलावर पालथा ठेवला आणि उठून नळ सोडून हात धूत राहिला, खूप वेळ.

तात्पुरतं म्हणून ऋता एका खाजगी केंद्रात जात होती. आठवड्यातून तीनदा. साठवलेलं सगळं तिथे रक्तासारखंच नळीतून जात होतं, फक्त परत येत नव्हतं. पुण्याला परत जावं, असंही बोलणं झालं. पण पुण्याला घर उरलं नव्हतं, नोकरी नव्हती, आणि जाईची शाळेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. प्रत्येक वाट चार पावलांवर भिंतीला लागत होती. ऋता रोज ती चार पावलं चालायची आणि परत फिरायची.

मग तो शनिवार आला. कपडे वाळत घालायला ती स्वयंपाकघराच्या मागे निघाली, तर पद्माकर तिथे बांबूच्या काठ्यांपाशी पाठमोरा उभा. फोन कानाला, खाजगी केंद्राला लावलेला.

"येस, आय नो थ्री टाइम्स," तो हळू बोलत होता. "पण दोनदा केलं तर? फक्त थोडे दिवस. शी इज... ती तशी मजबूत आहे."

ऋताच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. एक वेळ चुकली की काय होतं ते तिला ठाऊक होतं. पाय माठासारखे फुगतात. छातीत पाणी चढतं, आडवं पडता येत नाही, भिंतीला टेकून श्वास मोजत बसावं लागतं.

नवरा तिच्या आठवड्यातला एक दिवस खोडायला तयार झाला होता. भावाचं नाव खोडायला नाही.

तिला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याने फोन ठेवला आणि बांबूच्या काठीवर कपाळ टेकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. खाली खूप खोलवर बस थांबल्याचा आवाज आला. ऋता मागच्या मागे परतली. टॉवेल तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्याचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं.

*

तिची आई दळणकांडण करणाऱ्या बायकांतली नव्हती. मिक्सरवर वाटण वाटणारी, शाळेत शिकवणारी बाई. पण ओव्या तिच्या तोंडात होत्या, तिच्या आईकडून आलेल्या. निवडणं-टिपणं करताना त्या आपोआप बाहेर पडायच्या. त्यातली एक ऋताला लहानपणी आवडायची, अर्थ न कळता, नुसत्या लयीसाठी:

*दोघं भाऊ माझे, एका देठाचं गं फूल*
*परक्याची लेक आली, तिनं मांडली दुजी चूल.*

ओवीतली ती परक्याची लेक. तिला नाव नाही, चेहरा नाही. ती फक्त येते आणि भाऊ तोडते. लग्न ठरलं तेव्हा ऋताने मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी मी ती होणार नाही. धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं. सगळी म्हणायची, वहिनी असावी तर अशी.

आणि आता जगायचं असेल, तर तीच व्हायला हवं होतं.

सोमवारी पद्माकर कुठल्याशा मुलाखतीला गेला. ऋताने साडी नेसली. का नेसली, तिलाच कळलं नाही. ड्रेस सोपा पडला असता. पदर गळ्याभोवती घेतला आणि निघाली. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, एका चिनी मुलीने उठून तिला जागा दिली, एका शब्दानेही काही न विचारता. खिडकीबाहेर बोगद्याचा काळोख. काचेत तिचाच चेहरा, सुजलेला, मातकट. ओठांवर आपसूक काहीतरी जुळत होतं. गाण्यासारखं, पण गाता येऊ नये असं:

*दिराला वाढीलं मी दुधाभाताचं गं ताट*
*त्याच हातानं आज दाविते बाहेरची वाट.*

*

दार आर्याने उघडलं. घरूनच काम करत होती, कानात हेडफोन. "अय्या, वहिनी! सांगितलं असतं तर..." आणि मग तिची नजर पदर सरकला होता तिथे गेली. तिने हेडफोन काढून ठेवला.

निशिकांतला तिने फोन करून बोलावून घेतलं. तो टायसकट, धापा टाकत आला. ऋताने त्याला सगळं सांगितलं. नोकरी, नळी, खाजगी केंद्र. तो उभाच होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा लहान होत गेला, चौथीतल्या मुलाएवढा.

"आणि मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मला जेवलास का विचारत होता दादा. परवा. जेवलास का!"

"त्यांना जमत नाही हो सांगायला."

"झालं आता. मी भरतो. सगळं मी भरतो वहिनी, आजच. कुठलं केंद्र, नंबर द्या."

"बसा आधी."

"नाही, नंबर द्या."

"भाऊजी, बसा!"

तो बसला. आठ वर्षांत त्या आवाजात ती त्याच्याशी दोनतीनदाच बोलली असेल.

"हे एकदाचं ऑपरेशन असतं, तर घेतलं असतं तुमच्याकडून," ऋता म्हणाली. "हात पसरून घेतलं असतं. पण हे संपणारं नाही. मी आहे तोवर हे आहे. उद्या तुम्हाला मूल होईल. दर महिन्याला तुम्ही द्याल, तुमचा दादा खाली मान घालून घेईल. एक दिवस तो मान वर करायचीच विसरेल. आणि मी... मी त्या यंत्राला टेकून हिशोब करत बसेन, की किती जगलं म्हणजे तुम्हाला जड होणार नाही."

"असं काय बोलता."

"मग काय बोलू? खुर्ची आहे तिथे. रिकामी आहे. मी बघून आले. आमचं तिघांचं घर असेल तर ती माझी. चौघांचं असेल तर नाही."

निशिकांतला कळायला वेळ लागला. आर्याला लगेच कळलं. ती हळूच म्हणाली, "निशी, पत्ता. कार्डावर तुझा पत्ता अजून तिथलाच आहे ना. दोन वर्षं झाली. तसंही बदलायलाच हवा होता, दंड होईल कधीतरी."

"तू गप्प बस गं." मग ऋताकडे वळून: "दादाने पाठवलं तुम्हाला?"

"नाही."

"दादाला विचारलंत?"

"त्यांनी नाही म्हटलं."

"मग! दादाने सांगावं मला. त्याने सांगितलं तर उद्या बदलतो. त्यानेच सांगितलं होतं ना, नको बदलूस म्हणून? त्याच्या तोंडून ऐकेन मी."

"ते नाही सांगणार. मरतील, पण नाही सांगणार." ऋता थांबली. "म्हणजे, मी मरेन."

 काचेच्या पलीकडे, खाली, कॉन्डोच्या तलावात कुणाचं तरी पोर खिदळत होतं.

"म्हणून मी सांगतेय," ती म्हणाली.

"म्हणजे वहिनी, तुम्ही मला घराबाहेर काढताय."

तिला वाटलं, नाही म्हणावं. तसं नव्हे हो, म्हणावं. हा नुसता कागद आहे, सरकारी खूण आहे, तुमची जागा तीच आहे, म्हणावं. ते सगळं खरंही होतं. पण तसं म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग राहू दे ना. आणि ती परत चार पावलं चालून भिंतीशी आली असती.

"हो," ऋता म्हणाली.

*

निशिकांत आला, तेव्हा पद्माकर घरी होता. ऋताने काहीच सांगितलं नव्हतं; दोन दिवस तिने तोंडातला घास नीट गिळला नव्हता.

"अरे, निशी!" पद्माकरचा चेहरा उजळला, आणि लगेच ऋताच्या गळ्याकडे बघून विझला. "ये. म्हणजे, हिला जरा बरं नव्हतं, म्हणून..."

"माहीत आहे मला, दादा."

निशिकांतने खिशातून ओळखपत्र काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. मागच्या बाजूला पांढरी चिठ्ठी डकवलेली. ईस्ट कोस्टचा पत्ता, नवा कोरा. पोलीस चौकीत जाऊन आला होता. चौकीतल्या शिपायाने उशीर का, म्हणून विचारलं, जरा दरडावलं, आणि चिठ्ठी चिकटवून दिली. एवढंच.

पद्माकर त्या कार्डाकडे बघत राहिला. मग ऋताकडे. "तू गेलीस?"

"हो."

"मला न विचारता."

"तुम्ही मला विचारलं होतं, दोनदा केलं तर चालेल का म्हणून?"

तिने ते कुठे ऐकलं, हे त्याला समजलं. तो खाली बसला, हात मांडीवर ठेवून.  ऋताला त्याच्याकडे बघत बसायला आता ताकद नव्हती.

तिने कार्ड उचललं. चिठ्ठीच्या कडेवरून बोट फिरवलं. खाली तोआ पायोहचा पत्ता तसाच होता. बोटाला जाडी लागत होती.

"हे निघतं का?" तिने विचारलं. वेड्यासारखाच प्रश्न.

"नाही निघत, वहिनी. ओढलं तर खालचं पण फाटतं."

जाई खोलीतून आली. "काका!" ती त्याला बिलगली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नेहमीसारखी टपली मारली नाही.

"जेवून जा," पद्माकर एकदम म्हणाला. "वरणभात आहे."

"नको दादा. आर्या थांबलीय खाली, गाडीत."

"तिला वर बोलाव."

"नको."

त्याने स्वतःच जाऊन स्टीलचा डबा उघडला, आतली चार पत्रं घेतली. डबा रिकामा झाला तरी झाकण नीट दाबून लावलं. मग पायात बूट घातले, दाराच्या जाळीबाहेर उभा राहिला. इथल्या घरांना लोखंडी जाळीचं दार असतं. जाळीच्या पट्ट्यांनी त्याचा चेहरा कापला होता.

"काळजी घ्या," तो म्हणाला. "जातो, वहिनी."

 ऋता धावली. तिला धावायला मनाई होती. जाळी उघडून ओसरीसारख्या लांब कॉरिडॉरमध्ये आली. "भाऊजी, असं म्हणू नये! येतो म्हणा! भाऊजी!"

लिफ्टचं दार मिटत होतं. आत तो मान खाली घालून उभा होता. ऐकलं की नाही, कळलं नाही. शेजारची मलाय बाई कुंडीला पाणी घालता घालता थांबली आणि काय झालं म्हणून बघू लागली.

*

मिस लिमने नवी तपासणी केली. पुन्हा विचारलं, घरात माणसं किती. या वेळी पद्माकर कागद भरत राहिला, मान वर न करता. ऋताने उत्तर दिलं. तीन. मिस लिमने मान डोलावली आणि बटण दाबलं. हप्त्याला मदत, खुर्चीला सवलत.

खुर्ची मऊ होती. नर्स फिलिपिनो होती आणि कामात गुणगुणायची. ऋताचं रक्त नळीतून जायचं, स्वच्छ होऊन परत यायचं. तिला श्वास येऊ लागला, पायांचे घोटे दिसू लागले, आणि जगायला लागल्याची लाज वाटू लागली. आईची ओवी डोक्यात यायची तेव्हा ती दुसऱ्या ओळीवर थांबायची. परक्याची लेक. बाई गं, तिच्याही गळ्यात तेव्हा कुणी नळी पाहिली नसेल. कुणी विचारलंच नसेल तिला, तू का गं दुसरी चूल मांडलीस.

पद्माकर तिला आणायला-सोडायला यायचा. बोलायचा कमी. संध्याकाळी खाली जाऊन पत्रपेटी उघडायचा आणि रिकाम्या हाताने वर यायचा. निशिकांतने बँकेला कळवलं होतं, टॅक्सला, फोनवाल्यांना. काहीच येत नव्हतं. फोनही नाही. महिना गेला, दुसरा लागला.

श्रावणात एक दिवस तो वर आला तो एक लिफाफा घेऊन. तळहातावर, जिवंत पाखरू आणावं तसा. मंडळाच्या गणपतीचं आमंत्रण, दरवर्षी घरोघर येतं ते. वर नाव निशिकांतचं, खाली पत्ता तोआ पायोहचा.

"इथे बदलायचा राहिला वाटतं," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला होता.

ऋता सोफ्यावर उशीला टेकली होती. ती लिफाफ्याकडे बघत राहिली.

पद्माकरने खिशातून फोन काढला. "फोटो काढून पाठवतो त्याला. नाहीतर तारीख जाईल."

"नको," ऋता म्हणाली. ती उठली, स्टीलचा डबा काढला, झाकण उघडून त्याच्यापुढे धरला. "इथे ठेवा. न्यायला येतील."